नाही म्हणण्याची स्पर्धा

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात एक रीत होती. कुठल्याच नियमावलीत ती सापडली नसती, पण पाळली मात्र नियमांपेक्षा काटेकोर जायची. प्राचार्य निवृत्त झाले की नवीन नेमणूक होईपर्यंत प्रभार सेवाज्येष्ठतेत पहिल्या असलेल्या प्राध्यापकाकडे जातो. हे पहिलं नाव पुरुषाचं असेल तर तो दुसऱ्या दिवशी खुर्चीत दिसायचा. नाव बाईचं असेल तर संस्थेचे सचिव तिला घरी चहाला बोलवायचे. सचिवांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. भाऊसाहेब अत्यंत मायाळू माणूस. बिस्किटांची बशी स्वतः पुढे सरकवत ते विचारायचे, "मॅडम, घरचं सगळं पाहून तुम्हाला हे कसं जमावं? नाही का?" मॅडम पदर सावरत म्हणायच्या, "खरं आहे भाऊसाहेब." की झालं! दुसऱ्या दिवशी मॅडमचा लेखी नकार टाइप होऊन यायचा, त्यावर सही व्हायची आणि प्रभार खालच्या सरांकडे जायचा. कुणी जबरदस्ती केली असं देवाशपथ कुणाला म्हणता आलं नसतं.

यंदा मार्चअखेर आमचे प्राचार्य निवृत्त होणार होते आणि पहिलं नाव होतं आपांचं.

आपा म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख. उर्दूत आपा म्हणजे ताई; त्यांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे आपाच म्हणतात. मी मात्र तिला अगं-तुगं करते, कारण आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि जठारपेठेतून एकाच स्कूटरवर कॉलेजला जातो. पुढे ती, मागे मी. तिचं माहेर फळांच्या ठोक व्यापारातलं. वडील आणि भाऊ मिळून संत्री, केळी, आंबे हर्रासात, म्हणजे लिलावात काढायचे. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी, आणि तिन्हीत ती सारखीच सरळ. कॉलेजातल्या बैठकींत मात्र तिचा आवाज बसलेला असायचा. आमच्या स्टाफरूमला वाटायचं, आपा फार शांत. मी तिच्या घरी जाते, म्हणून मला गाडीभर हसू यायचं.

दुसरं नाव कॉमर्सच्या सरांचं. माणूस वाईट नाही हो, जरा घाईतला आहे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये कूलर पूर्वेच्या खिडकीला बरा की उत्तरेच्या, याची पाहणी त्यांनी फेब्रुवारीतच उरकली होती.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. महिला प्राध्यापक आणि महिला अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व विकासाचं निवासी शिबिर, अमरावतीला, सोमवार ते शनिवार. परीक्षांच्या तोंडावर कोण जाणार? मी भूगोलाची. माझा अभ्यासक्रम संपला होता आणि मला कुठंही पाठवलं तरी मी जाते. आपाचंही नाव घातलं गेलं. कॉमर्सचे सर स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "जा, जा, मॅडम. परत आल्या की आम्हाला उठाबशा काढायला लावणार वाटतं!" भाऊसाहेबांनाही आनंद झाला. ते आपाला म्हणाले, "अवश्य जाऊन या. शनिवारपर्यंत तेवढा तुमचा निरोप कळवा म्हणजे झालं." कसला निरोप ते त्यांनीही सांगितलं नाही, आपानंही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मला काय हवं होतं? मला त्या केबिनमध्ये आपा बसलेली पाहायची होती. एवढंच. पण मूर्तिजापूर यायच्या आत बसमध्येच तिनं माझ्या उत्साहावर पाणी ओतलं.

"मी नाई म्हणतो," ती वऱ्हाडीत म्हणाली. "डोक्याले ताप नको."

"आपा, अगं, नेतृत्व शिकायला चालली अन् नकार ठरवून चालली? मंग येते काहून?"

"इतके दिवस सैपाक करा लागत नाई म्हणून."

पुढच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "कुठी चालल्या वो बाई?"

"अमरावतीले. नेतृत्व शिकाले," मी म्हटलं.

"थे काय अस्ते?"

"लोकायले काम सांगाचं, अन् थे त्यायनं करावं असं पाह्याचं."

बाईंनी क्षणभर विचार केला. "थ्याच्यासाठी अमरावतीले कायले जा लागते? माह्या घरी या. माही सून शिकवीन तुमाले."

आपा इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. मला वाटलं, चला, बाई मोकळी झाली. पण ठरलेलं तिनं बदललं नव्हतं.

शिबिर घ्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. कधीकाळी कुलगुरू होत्या असं कळलं. उंचीनं लहान, केस चांदीचे आणि आखूड, अंगावर खादीची साडी, आणि मराठी अशी की नुकतीच इस्त्री करून आणली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यावर बॉम्ब टाकला. "या सभागृहात शनिवारपर्यंत कुणीही आभार मानायचे नाहीत." सभागृहात चुळबुळ. कारण तिथं बसलेल्या प्रत्येक बाईनं नोकरीभर तेच केलेलं! सरांचं अध्यक्षीय भाषण, सरांचं मनोगत, आणि सर्वांत शेवटी, लोक चपला शोधत असताना, मॅडमचं आभारप्रदर्शन. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "मग आपण करायचं काय?"

"सभा चालवायची," मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान तीक्ष्ण होते.

रोज दुपारी एक-दोन अभिरूप सभा. आमच्यातली एक अध्यक्ष, बाकीच्या सदस्य, आणि सदस्यांत एक पुरुष. ते विद्यापीठातले नव्हते. दुसऱ्या एका संस्थेतून निवृत्त झालेले कार्यालय अधीक्षक होते, आणि मॅडमनी त्यांना खास सभा बिघडवण्यासाठी आणलं होतं. मला हा माणूस पाहताक्षणी आवडला. सभेत ते कायद्यांची कलमं काढून भल्याभल्यांना घाम फोडायचे आणि चहाच्या वेळी कप हातात घेऊन एकेकीपाशी जाऊन म्हणायचे, "मॅडम, राग नका मानू. हे माझं काम आहे. मनातून मी तुमच्याच बाजूचा."

टेबलाच्या टोकाला एक मोठी खुर्ची ठेवली होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. पहिल्या दिवशी अध्यक्ष झाल्या अमरावतीच्याच एक विद्वान विभागप्रमुख. परदेशी निबंध वाचून आलेल्या. त्या आल्या, मोठ्या खुर्चीकडे पाहिलं, टॉवेलची घडी नीट केली आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "सभेला सुरुवात करू या."

"मॅडम," पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "त्या खुर्चीत का नाही बसलात?"

"ती सरांची आहे."

"कोणत्या सरांची?"

विभागप्रमुखांनी खरोखर सगळीकडे पाहिलं. कोणतेच सर नव्हते. मग पहिलं हसू त्यांनाच आलं, आणि काय हसल्या! डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं की ती सरांची आहे!"

दुसऱ्या दिवशीच्या अध्यक्षांनी मोठी खुर्ची पटकावली, सभा झोकात सुरू केली, आणि नेमका तेव्हाच चहा आला. झालं! त्या अध्यक्षपद सोडून उठल्या. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला कमी दूध, ते बघायला गेल्या. तेवढ्यात अधीक्षकांनी मुलींची विश्रांतीची खोली भांडारासाठी देण्याचा ठराव मांडला, दोघींकडून अनुमोदन घेतलं आणि मंजूर करून टाकला. अध्यक्ष ट्रे घेऊन परत आल्या.

"काय झालं?"

"विशेष काही नाही मॅडम," अधीक्षक कप उचलत म्हणाले. "ठराव झाला. चहा मात्र फक्कड आहे."

त्याच दिवशी माझीही पाळी झाली. मी चहाला हात लावला नाही, खुर्ची सोडली नाही. फक्त प्रास्ताविक केलं. ते इतकं रंगलं की पहिला विषय यायच्या आत वेळ संपली. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "आपण सभा ठेवली होती, एकपात्री प्रयोग नव्हे." टाळ्या मात्र मलाच सर्वांत जास्त पडल्या, हे इथं नमूद करते.

आपा मागे बसून सगळं बघत होती. मजा घेत होती. पण मजा घेणं आणि मनात घेणं वेगळं. रात्रीच्या जेवणाला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडत ती मला म्हणायची, "हे सगळं ठीक आहे. आपल्याले शनिवारी नाई म्हणायचं आहे." जणू हे शिबिर तिच्या नकाराला धार लावायलाच भरलं होतं.

मग बुधवार उजाडला. मॅडमनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी कधी एखादं पद नाकारलं आहे?" एक हात वर गेला. मग दुसरा. मग बघता बघता सगळे. मॅडमचे डोळे चमकले. "उत्तम. मग आज स्पर्धा. सर्वांत सुंदर नकाराला बक्षीस."

वाचकहो, ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. आधी सगळ्या संकोचल्या, आणि मग जी काय चढाओढ लागली! एकीनं सासूबाईंच्या गुडघ्यांवर परीक्षा विभाग सोडला होता. एकीचा मुलगा पहिल्या वेळी दहावीत होता, दुसऱ्या वेळी बारावीत, तिसऱ्या वेळी स्पर्धा परीक्षेला बसला होता, "आता त्याचंच लग्न आहे," ती म्हणाली, "म्हणजे यंदाही सोयच झाली." एकीला कळलं होतं की आपल्याला वसतिगृहाची जबाबदारी विचारणार आहेत, म्हणून ती विचारायच्या आधीच वैद्यकीय रजेवर गेली होती. "तुम्ही आजारी होता?" "नाही ना. म्हणून तर घरी बसून दिवाळीचा फराळ करून टाकला." बक्षीस तिलाच मिळालं. गुलाबाचं रोप होतं. ते घेताना तिच्या तोंडून आभार निघणारच होते. पन्नासेक डोळे वटारले गेले म्हणून आवरलं तिनं.

"आता एक करू," मॅडम म्हणाल्या. "हेच सगळे नकार आपण एखाद्या सरांच्या तोंडून ऐकू. कोण होणार सर?"

विचारायचं कशाला? मी तोवर पर्समधून काजळाची कांडी काढलीही होती. मिशी रेखली, अधीक्षकांचं जाकीट घातलं, त्यांचाच चष्मा नाकावर ओढला, आणि दोन्ही हात पोटावर बांधून मंचावर उभी राहिले.

"साहेब," मी खर्जात सुरुवात केली, "आपण माझा विचार केलात, भरून पावलो. पण सौ.ला विचारून सांगतो. ती नको म्हणणार नाही, पण तिला बरं नाही वाटणार. संध्याकाळी माझी भाजी निवडायची असते. सासरेबुवांना मी समोर दिसलो नाही तर घास उतरत नाही. आणि मुलाची बारावी आहे, साहेब! पोराला ऐन वेळी बाप जवळ लागतो. माझ्यापेक्षा हुशार बायका आहेत कॉलेजात, त्यांना द्या. मला आपला माझा वर्ग बरा, माझी मुलं बरी."

पहिल्या वाक्याला हसू फुटलं आणि भाजीपर्यंत सभागृहाचा बांध फुटला. एक बाई खुर्चीवरून घसरल्या. अधीक्षकांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण तेच सर्वांत मोठ्यानं हसत होते. मी आणखी दोन-चार वाक्यं लावणार होते, तेवढ्यात मला आपा दिसली. मांडीवर हात ठेवून बसली होती. एकटीच हसत नव्हती. समोरच्याच्या हातात आपला जुना फोटो दिसावा, तशी माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही आवारातल्या रस्त्यावर फिरायला निघालो. कडुलिंबाला नवी पालवी होती; एरवी तिनं त्यावर मला पाठ दिला असता. आज ती म्हणाली, "पोराची बारावी. मी भाऊसाहेबाले हेच सांगणार होती."

"मला काय माहीत! मी तर आपलं..."

"तुह्यावर राग नाई. तू चांगलं केलं. पोरगा बारावीत आहे, हे खरंच आहे. पण मी घरी नसली की थो जास्त अभ्यास करते. कारण खरं आहे अन् मी त्याच्यामागं लपून राहिली आहे."

"कशापासून लपतेस?"

ती थांबली. "पाह्य. तू त्या खुर्चीत बसली अन् चुकली, तर लोक काय म्हणतीन? भूगोलवाली चुकली. मी चुकली, तर तेवढ्यावर राहीन का? एखाद्या पोरीची फी माफ केली, तर पहिले त्या पोरीचं नाव वाचतीन. एखाद्याले नोटीस देली, तर त्याचं नाव वाचतीन. मंग माह्यं वाचतीन. तुले चुकायची मुभा आहे वं. मले नाई. अन् न चुकता खुर्ची चालवता येत नाई, हे काय मले मालूम नाई?"

मी तोंड उघडलं.

"भाषण नको," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. इतकी वर्षं स्कूटरवर तिच्या मागे बसले आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं, आपाला घाबरायला होत नाही आणि म्हणून ती कॉलेजात शांत असते. ती शब्द मोजून बोलते हे दिसायचं. का मोजते ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षपदाची पाळी तिची होती. विषय असा: वसतिगृहातल्या मुलींनी संध्याकाळी किती वाजता आत यावं. म्हणजे आगीत तेलच. ती आली आणि सरळ मोठ्या खुर्चीत बसली. टॉवेल तिला दिसलासुद्धा नाही. अधीक्षकांनी त्या दिवशी जीव ओतला होता. आधी मागच्या सभेच्या इतिवृत्ताला हरकत घेतली, मग अध्यक्षांना अधिकारच नाही म्हणाले, मग एकदम मुलींच्या सुरक्षिततेवर घसरले. दोन प्राध्यापिका त्यांच्याविरुद्ध उठल्या, तिसरी त्या दोघींच्या विरुद्ध उठली, आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. आपाचे ओठ हलत होते, पण कॉलेजातला तिचा तो बसका आवाज कुठं पोचणार?

आणि मग, महाराज, तिनं टेबलावर हाताचा पंजा आपटला.

"ए! एकेक जन बोला! सगळ्यायचा माल एकदम नाई निघत!"

मी सांगितलं ना, मी तिच्या घरी जाते. हा आवाज मला ठाऊक होता. फळबाजारात सकाळी हर्रास चालू असताना, गाड्या, हमाल, गिऱ्हाईक या सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा तो तिच्या वडिलांचा आवाज. लहानपणी ती पेट्यांवर बसून तो ऐकायची. घरी पोराला उठवताना ती तो काढते. कॉलेजात तिनं तो कधी नेला नव्हता. अधीक्षक मध्येच वाक्य टाकून मटकन खाली बसले. पुण्याच्या मॅडमच्या हातातली पेन्सिल पडली.

मग तिनं एकेकीला बोलू दिलं. प्रत्येकीचं झालं की तिचं म्हणणं तिलाच एका वाक्यात सांगायची, "म्हणजे तुमचं असं आहे. बरोबर?" आणि ती 'बरोबर' म्हणाली की पुढे. अधीक्षकांचंही म्हणणं तिनं त्यांना सांगितलं, आणि ते त्यांनी मांडलं होतं त्याहून चांगलं निघालं. वाचनालय बंद होण्याच्या वेळेशी वसतिगृहाची वेळ जोडायची, असा ठराव झाला. मंजूर. कडाडून टाळ्या. तिथं तिनं उठावं, नमस्कार करावा, नाटक संपलं! मी तर शिट्टी मारायच्या बेतात होते.

पण ती उठली नाही. ती कोपऱ्यात बघत होती. तिथं एक तरुण सहायक प्राध्यापिका बसली होती, नोकरीला नवीन, आठवडाभर तोंडातून शब्द न काढलेली. तिचा हात अर्धवट वर होता आणि हळूहळू खाली येत होता.

"थांबा," आपा म्हणाली. "चुकलं माझं. या मॅडमचा हात वर होता आणि मी पाहिला नाही. यांना न ऐकता ठराव झाला. तो आपण परत घेऊ."

अधीक्षक ताडकन उभे. "मंजूर झालेला ठराव परत? अहो, अध्यक्षांनी भर सभेत स्वतःची चूक मान्य करायची? काय पायंडा पडेल हा?"

"पडू द्या," आपा म्हणाली. "बोला मॅडम तुमी."

तरुण मुलगी उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली होती. "तसं काही नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगायचं होतं की माझी संमती आहे."

सभागृहात असा काही हशा पिकला की कूलरचा आवाज ऐकू येईना. आपाही हसली, खदाखदा हसली, पण हसता हसता तिनं मान डोलावली. "छान. आता मंजूर."

पुण्याच्या मॅडम उठून पुढे आल्या. त्या सहसा कुणाची स्तुती करत नसत. म्हणाल्या, "चुकलेले अध्यक्ष मी पुष्कळ पाहिले. चूक झाल्याचं त्याच सभेत, त्याच खुर्चीतून सांगणारा अध्यक्ष आज पाहिला. आता सर्वांनी चहा घ्या, आणि अध्यक्षांना कुणीतरी आणून द्या."

चहा अधीक्षकांनी आणून दिला. त्या वेळी ते नाटकात नव्हते. कप ठेवून म्हणाले, "मॅडम, माझ्या नोकरीत एक जरी साहेब असं म्हणाला असता ना, तर माझं अर्धं आयुष्य खुलासे लिहिण्यात गेलं नसतं."

त्या रात्री जेवताना ती नकाराबद्दल काही बोलली नाही. भाजी वाढून घेताना एवढंच म्हणाली, "मी चुकली. सगळ्यायनं पाह्यलं. अन् सभा चालूच राह्यली."

"हो."

"छत नाई पडलं वं."

"छत मजबूत आहे. सरकारी कंत्राटदाराचं नसावं."

"तुले ना," ती म्हणाली, "काईच सांगायची सोय नाई." पण बोलली ते हसून.

शनिवारी प्रमाणपत्रं झाली, सामूहिक फोटो झाला. फोटोत नेहमीच्या सवयीनं सगळ्या मागच्या ओळीत जायला लागल्या आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुण्याच्या मॅडमनी कपाळावर हात मारला. बसला वेळ होता म्हणून आम्ही दोघी गावात जाऊन दह्यात बुडालेला गिला वडा खायला बसलो. पहिला घास घेतला आणि आपाचा फोन वाजला. भाऊसाहेब. तिची बोटं दह्यानं भरलेली. मी पुढे होऊन फोन उचलला, स्पीकर लावला आणि बशीला टेकवून ठेवला. ऐकायचं तर मलाही होतं.

"आपा, कसं झालं शिबिर?"

"भल्लं मस्त झालं भाऊसाहेब."

"छान, छान. मग तेवढं आपलं... मुलगा बारावीला आहे म्हणे तुमचा?"

"आहे. अभ्यास करून राहिला थो."

"आईचं लक्ष हवंच अशा वेळी. मग सोमवारी तेवढा नकार टाइप करून घेऊ ना? तुम्हाला हेलपाटा नको."

आपानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात वडा होता, आणि देवाची कृपा, कारण नाहीतर मीच बोलले असते.

"नकार नको भाऊसाहेब. मी प्रभार घेतो."

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. 

"घरी विचारलं का तुम्ही?"

"घरी सांगितलं. खूश आहेत."

"नाही, म्हणजे आनंदच आहे. पण आजवर असं... जबाबदारी मोठी आहे आपा. काही चुकलं-माकलं तर चहूबाजूंनी बोलतात लोक. तुमच्या बाबतीत तर..." ते थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"बोलतीनच," आपा म्हणाली. "मी चुकीन बी. चुकली की तुमाले कोनी दुसरा सांगणार नाई भाऊसाहेब. मीच फोन करीन."

 मग भाऊसाहेब खोकले. "बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, आवाजातली बिस्किटं काढून टाकून, पुन्हा म्हणाले, "बरं. सोमवारी या. तुमचं पत्र काढतो."

फोन बंद झाला. मी टेबलावर ताल धरला, हॉटेलवाल्याला ओरडून आणखी एक प्लेट सांगितली आणि भाषणाला उभी राहणार, तोच तिनं हात पुसले आणि परत फोन उचलला.

"आता कोणाला?"

"कॉमर्सच्या सरायले."

"वेडी आहेस का? मिरवायला?"

"मिरवाले काहून? त्यायले वाटून राहिलं होतं आपल्याले मिळते. बाहेरून कळण्यापेक्षा माह्याकडून कळू दे." आणि फोन लागलाही. या वेळी स्पीकर नव्हता. मला तिचंच ऐकू येत होतं. "सर, मी हो म्हटलं... हो, आत्ताच... नाई, तुमाले वाईट वाटणं साहजिक आहे... सर, परीक्षेचं काम तुमच्याइतकं कोनाले येत नाई. मले तुमी लागता." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "चालते. सोमवारी या."

"काय म्हणाले?"

"पहिले भल्ले रागावले. मंग म्हणाले, वेळापत्रक घेऊन येतो."

या शिबिरातून मी काय शिकले ते मला कुणी विचारलं तर मी तासभर बोलू शकते आणि बोललेही आहे. पण खरं सांगायचं तर नेतृत्व म्हणजे काय ते मी त्या गिला वड्याच्या टेबलावर, त्या दोन फोनांत पाहिलं. ते मला जमलं नसतं. मी पहिला फोन गाजवला असता आणि दुसरा केलाच नसता.

परतीच्या बसला गर्दी होती. आम्हाला शेवटचं बाक मिळालं आणि प्रत्येक खड्ड्याला आम्ही हवेत जात होतो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आपा बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "मले भीती वाटून राहिली."

"आता? होऊन गेल्यावर?"

"होऊन कुठी गेलं? नाई म्हणायचं होतं, तोवर कायची भीती? आता आहे." एक खड्डा आला, आम्ही दोघी उडालो आणि परत बसलो. "सोमवारी सगळ्या स्टाफची सभा घेतो."

"तोवर भीती जाईल?"

"नाई वं," आपा म्हणाली. "तिले बी घेऊन जातो सभेले."